संगणकाचं घर बदललं, दप्तर सांभाळलं

बचत गटांच्या सगळ्या ताई, वहिनी, मावश्या आणि निवडण-टिपण करता करता ऐकणाऱ्या आज्ज्या, सगळ्यांना आमचा नमस्कार. आज आम्ही कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहोत. ‘आमच्याकडं कॉम्प्युटर नाही, आम्हाला काय त्याचं’ असं म्हणून उठू नका. तुमच्या गटाचा हिशेब तुमच्याकडं वहीत असेल, पण ग्रामसंघाच्या ऑफिसात तो बहुतेक कॉम्प्युटरमध्ये गेलेला असतो. त्या हिशेबात तुमचं नाव आहे, तुमची बचत आहे, तुमच्या कर्जाचे हप्ते आहेत. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

आम्ही फुलंब्री तालुक्यातल्या एका ग्रामसंघाच्या बायका. आमच्यात १३ गट, दीडशेवर सभासद. ग्रामपंचायतीच्या बाजूच्या खोलीत आमचं ऑफिस आणि त्या खोलीत एक कॉम्प्युटर. २०१९ साली शहरातून वापरलेलाच विकत आणलेला. दप्तर सांभाळणाऱ्या आम्ही चौघी. दोघींनी एमएस-सीआयटी केलेलं, एक बारावी झालेली आणि एक सातवीच शिकलेली, पण टायपिंगला आमच्यात तिचाच हात जलद.

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या कॉम्प्युटरवर एक इंग्रजी सूचना यायला लागली. आधी आम्ही ती बंद करून पुढं जायचो. मग एकीनं मोबाईलवर फोटो काढून तिच्या लेकीला पाठवला. लेक संभाजीनगरात शिकते. तिनं सांगितलं, तुमच्या कॉम्प्युटरात विंडोज १० आहे आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट कंपनीनं त्याची देखभाल थांबवली आहे.

आमच्या पोटात गोळाच आला. आता कॉम्प्युटर बंद पडणार का? सगळा हिशेब गेला का?

तर मैत्रिणींनो, पहिली गोष्ट नीट समजून घ्या. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मुख्य प्रोग्राम. बटण दाबल्यावर अक्षर पडद्यावर आणणं, फाइल कुठं ठेवली ते लक्षात ठेवणं, प्रिंटरला काम सांगणं, हे सगळं तो करतो. विंडोज ही एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. देखभाल थांबली म्हणजे कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडत नाही. तो चालतो. पण चोरांनी आत शिरायची नवी फट शोधली, तर ती फट बुजवायला कंपनीकडून आता कोणी येत नाही. ज्या कॉम्प्युटरवर इंटरनेट नाही, पैशाचं काम नाही, त्याला घाई नाही. पण आमच्या कॉम्प्युटरवरून बँकेचं खातं बघितलं जातं, सभासदांचे आधार क्रमांक त्यात आहेत. तो उघडा ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीशी खेळ.

चार वाटा होत्या

दुकानात विचारलं तर उत्तर सरळ होतं, नवीन घ्या. पस्तीस-चाळीस हजार. बैठकीत हा आकडा सांगितल्यावर सगळ्या गप्प झाल्या. एवढ्या पैशांत आमच्या दोघी-तिघींना शेळ्या घ्यायला कर्ज देता येतं. एक ताई म्हणाल्या, “यंत्राला काही झालं नाही, पंखा फिरतो, दिवा लागतो, मग टाकायचं कशाला?”

आम्ही चौकशी केली तेव्हा चार वाटा दिसल्या. त्या तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिली, आहे त्याच कॉम्प्युटरवर विंडोज ११ घ्यायचं. कॉम्प्युटर त्यात बसत असेल तर विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे लागत नाहीत. पण त्याच्या अटी आहेत. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ठरावीक यादीतला प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय. साधारण २०१८ च्या आधीचे बरेच कॉम्प्युटर त्यात बसत नाहीत. तुमचा बसतो का, हे सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर कळतं. आमचा बसला नाही.

दुसरी, मुदतवाढ. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापराच्या विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देऊ केल्या आहेत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं काढून नोंदणी करावी लागते. विचार करायला वेळ हवा असेल तर ही वाट बरी, पण ती कायमची नाही.

तिसरी, नवीन कॉम्प्युटर.

चौथी वाट त्या लेकीनं दाखवली. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं.

आम्ही म्हटलं, हे काय नवीन? आणि फुकट म्हणजे चोरीचं तर नाही ना? कारण पेनड्राईव्हवरून पैसे न देता ‘टाकून दिलेलं’ विंडोज आम्ही पाहिलेलं आहे. पण हे तसलं नाही. फिनलंड देशात हेलसिंकीला शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांना वापरायला, सुधारायला खुला केला. जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली. आपल्या हातातला अँड्रॉइड मोबाईलसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. म्हणजे आपण रोज वापरतो, फक्त नाव माहीत नव्हतं. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवर कॉम्प्युटर शिकतात. आपल्या देशाच्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्सही तयार केलेलं आहे.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. आम्ही लिनक्स मिंट घेतलं, कारण त्याची मांडणी विंडोजसारखी दिसते. त्याला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर बरं. मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. म्हणजे तीन-चार वर्षं निवांत.

आधी दाणे हलवा

निर्णय झाला आणि आम्ही लगेच कामाला लागणार, तेवढ्यात आमच्या ग्रामसंघातल्या सगळ्यांत मोठ्या आजी बोलल्या. त्यांचं माहेर पैठणकडचं, जायकवाडी धरणात गेलेल्या गावातलं. त्या म्हणाल्या, “आमच्या बापानं गाव सोडताना दारं-खिडक्या नंतर काढल्या. पहिल्यांदा दाणे हलवले, देव हलवले. तुम्ही आधी दाणे हलवा, मंग भिंती बघा.”

आजीला कॉम्प्युटर लावता येत नाही, पण सगळ्यांत मोलाची सूचना तिचीच ठरली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे घर. ते बदलता येतं, पडलं तर नवं बांधता येतं. आपल्या फाइली म्हणजे दाणे. ते गेले तर विकत मिळत नाहीत.

म्हणून आम्ही दोन पेनड्राईव्ह घेतले. बचतीचं पत्रक, कर्जाची यादी, बैठकीचे ठराव, फोटो, ऑडिटचे कागद, सगळं दोन्हीवर उतरवलं. एक ऑफिसच्या कपाटात, एक कोषाध्यक्षांच्या घरी. एकाच जागी दोन्ही ठेवले तर दोन असून एकच. उतरवल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून चार-पाच फाइली उघडूनही पाहा. इथंच आमचा जीव भांड्यात पडायच्या ऐवजी तोंडाशी आला.

आकडे होते, नावं नव्हती

पेनड्राईव्ह त्या लेकीच्या लॅपटॉपवर लावला. कर्जाची यादी उघडली. आकडे सगळे बरोबर. दहा हजार, साडेचार हजार, बाकी, व्याज, सगळं जागच्या जागी. पण जिथं बायकांची नावं होती, तिथं इंग्रजी अक्षरं, कंस, चिन्हं, टिंबं यांची खिचडी. कोणाचे दहा हजार आणि कोणाचे साडेचार हजार, काही कळेना. बँकेत कर्जाच्या नूतनीकरणाची फाइल जायची होती आणि आमच्या हातात बिननावाच्या रकमा.

यात दोष ना लिनक्सचा ना लॅपटॉपचा. झालं होतं असं. सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडं मराठी टायपिंगसाठी जुन्या पद्धतीचा फॉन्ट होता. त्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल गेली की चित्र उतरतं आणि खालची अक्षरं उघडी पडतात. युनिकोड पद्धतीत असं होत नाही. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगात सगळीकडं तोच आहे. म्हणून मोबाईलवर लिहिलेलं मराठी दुसऱ्या कोणत्याही मोबाईलवर मराठीच दिसतं.

तुमच्या फाइली कोणत्या पद्धतीच्या आहेत हे ओळखायची सोपी युक्ती आहे. फाइलमधल्या चार ओळी कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर स्वतःलाच पाठवा. मोबाईलवर मराठी दिसलं तर युनिकोड आहे, काळजी नाही. खिचडी दिसली तर समजा काम बाकी आहे.

आमचं नशीब की अजून जुनं विंडोज आम्ही काढलेलं नव्हतं. ऑफिसला येऊन आधी त्या सगळ्या याद्या कागदावर छापून घेतल्या. मग आमची हाताने लिहिलेली कर्ज-खतावणी काढली. चार दुपारी बसलो. एक वहीतून नाव वाचणार, दुसरी छापील यादीशी ताडून बघणार, तिसरी युनिकोडमध्ये टाइप करणार. जुना मजकूर युनिकोडमध्ये फिरवून देणारे प्रोग्राम मिळतात, आम्ही एक वापरूनही पाहिला. पण जोडाक्षरांत आणि रफारांत चुका राहतात. ठरावाचा मजकूर त्यानं फिरवला तरी चालेल, नावं मात्र डोळ्यांनी तपासूनच घ्यावीत.

या ताळमेळात आणखी एक गोष्ट सापडली. एका मावशींनी भरलेला साडेसातशेचा हप्ता वहीत होता, कॉम्प्युटरात नव्हता. वर्षभर त्यांच्या नावावर तेवढी बाकी जास्त दिसत होती. त्या बोलल्या नव्हत्या, कारण ‘कॉम्प्युटर सांगतो म्हणजे खरंच असेल’ असं त्यांना वाटलं. मैत्रिणींनो, कॉम्प्युटर सांगत नसतो, आपण त्यात जे भरतो तेच तो दाखवतो. नियमित लेखे हे आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आहे. कॉम्प्युटर आला म्हणून वही बंद करू नका.

पेनड्राईव्हवरून आधी राहून बघा

लिनक्सची एक सोय आम्हाला फार आवडली. नवं घर विकत घेण्याआधी त्यात राहून बघता येतं. ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर मिंट तयार करून घ्यायचं. ही फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. ती एका वेगळ्या प्रोग्रामनं चढवावी लागते आणि तेव्हा त्या पेनड्राईव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. म्हणून त्यासाठी रिकामा, वेगळा पेनड्राईव्ह घ्या. दाण्यांचा पेनड्राईव्ह चुकूनही देऊ नका.

कॉम्प्युटर चालू करताना एक ठरावीक बटण दाबलं की पेनड्राईव्हवरून सुरू करायचा पर्याय येतो. कंपनीप्रमाणं ते एफ १२, एफ ९ किंवा एस्केप असं असतं. मग मिंट सुरू होतं, पण आतल्या हार्ड डिस्कला हात लागत नाही. बंद करून पेनड्राईव्ह काढला की जुनं विंडोज जसंच्या तसं. पडद्यावर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असं एक चित्र असतं, तेवढ्याला पहिल्या दिवशी हात लावू नका.

आम्ही आठवडाभर असं राहून बघितलं. हळू चालतं, कारण सगळं पेनड्राईव्हवरून येतं. पण इंटरनेट लागतं का, आवाज येतो का, प्रिंट निघते का, हे सगळं आधी कळतं. आमचा प्रिंटर लावताच ओळखला गेला. सगळेच ओळखले जात नाहीत. काही जुन्या लेझर प्रिंटरना वेगळा प्रोग्राम शोधावा लागतो, म्हणून हे आधी तपासाच.

पहिल्या दिवशी काय वाटलं

खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास नव्या सासरी गेल्यासारखं झालं. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू आहे, तो सापडला. पण सी ड्राईव्ह, डी ड्राईव्ह कुठं गेले? लिनक्समध्ये ते नसतात. ‘होम’ नावाचा एक फोल्डर असतो, आपलं सगळं सामान त्यात. दोन दिवसांनी वाटलं, हेच सोपं आहे.

एमएस-सीआयटीत शिकलेलं वाया गेलं का? नाही. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही, कंट्रोल एस, कंट्रोल झेड, कंट्रोल पी, सगळं तेच. ब्राउझर तोच, त्यामुळं ईमेल आणि सरकारी संकेतस्थळं पूर्वीसारखीच उघडतात.

एक्सेल आणि वर्डच्या जागी लिब्रे ऑफिस येतं. एक्सेलच्या जागी कॅल्क, वर्डच्या जागी रायटर. आमची जुनी पत्रकं कॅल्कमध्ये उघडली, बेरजा बरोबर आल्या. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, फाइल बँकेला किंवा तालुक्याला एक्सेल म्हणून द्यायची असेल तर सेव्ह करताना एक्सेलचाच प्रकार निवडा. दोन, फक्त वाचायला पाठवायची असेल तर पीडीएफ करा. तसं बटण वरच्या पट्टीतच आहे. पीडीएफ केली की पानाची मांडणी कुठंही हलत नाही. तीन, कोणी तुम्हाला मॅक्रो घातलेलं पत्रक दिलं असेल, म्हणजे बटण दाबलं की आपोआप अहवाल तयार होणारं, तर ते कॅल्कमध्ये अडखळू शकतं. ते आधी चालवून पाहा.

फाइलच्या नावांचीही एक गंमत. लिनक्समध्ये इंग्रजी नावात मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं, त्यामुळं एकाच नावाच्या दोन फाइली होऊन गोंधळ उडतो. आम्ही नावं मराठीतच द्यायला लागलो. मराठीत मोठं-लहान नसतंच. आधी वर्ष, मग महिना, मग विषय: ‘२०२५-११ कर्जवसुली’. अशानं फाइली आपोआप क्रमानं लागतात.

आणि एक बदल. काही नवीन टाकायचं म्हटलं की हे पासवर्ड विचारतं. सुरुवातीला कंटाळा यायचा. मग लक्षात आलं, दाराला कडी असणं चांगलंच. पासवर्ड पडद्याला चिकटवून ठेवू नका. आमचा तिघींना माहीत आहे आणि बंद पाकिटात कपाटात आहे.

मराठी टायपिंग

सेटिंग्जमध्ये किबोर्डच्या ठिकाणी भारतीय भाषांत मराठी निवडायचं. दोन प्रकार मिळतात. एक उच्चाराप्रमाणं, म्हणजे ‘के’ दाबलं की क, ‘जी’ दाबलं की ग. दुसरा इनस्क्रिप्ट. इनस्क्रिप्ट ही भारत सरकारनं भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली मांडणी आहे. ती विंडोज, लिनक्स आणि मोबाईल, तिन्हीकडं मिळते. घर बदललं तरी बोटं बदलावी लागत नाहीत, म्हणून आम्ही इनस्क्रिप्टच शिका असं सांगू.

त्यात डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘बचत’ लिहायला वाय, अर्धविरामाचं बटण आणि एल. ‘कर्ज’ लिहायला के, जे, डी, पी. यातला ‘डी’ म्हणजे पाय मोडायचं बटण, त्यानं जोडाक्षर होतं. ‘शेतकऱ्याला’ मधला ऱ्या जमत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते. त्यासाठी शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य. आमच्या सातवीवाल्या ताईंनी ही बटणं पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगली. तीन आठवड्यांत पुठ्ठ्याकडं बघायची गरज उरली नाही.

पत्रकात रकमा टाकताना मात्र इंग्रजी किबोर्डवर येऊन इंग्रजी आकडे टाका. दुसरीकडं फाइल गेल्यावर बेरीज अडायला नको.

जे जमत नाही तेही सांगतो

लिनक्स म्हणजे सगळ्यावर औषध नाही. तुमचा हिशेब टॅलीवर असेल तर ते विंडोजसाठी बनलेलं आहे. आधार जुळवायला अंगठ्याचं यंत्र लावत असाल, कागदांवर डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल, तर आधी त्या यंत्राच्या पुरवठादाराला विचारा की लिनक्सवर चालतं का. ‘हो’ असं तोंडी म्हणाले तरी समोर चालवून दाखवायला सांगा. अशी कामं असलेल्या ऑफिसनं एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवावं. पैशाचं आणि इंटरनेटचं काम लिनक्सवर, टॅलीचं काम इंटरनेट न लावता विंडोजवर.

इन्स्टॉल करताना जाणत्या माणसाला बसवा. तिथं एक प्रश्न येतो, शेजारी ठेवायचं की डिस्क पुसून टाकायची? ‘इरेज डिस्क’ हे शब्द दिसले की हात थांबवा आणि विचारा, दाणे दोन ठिकाणी आहेत ना? आहेत, उघडून पाहिलेत, असं दोघींनी म्हटल्यावरच पुढं जा.

इन्स्टॉल झाल्यावर ‘टाइमशिफ्ट’ नावाचा प्रोग्राम लावून ठेवा. सिस्टीम बिघडली तर आधीच्या दिवसावर परत नेता येते. पण टाइमशिफ्ट घराच्या भिंती सांभाळतं, दाणे नाही. आपल्या फाइली पेनड्राईव्हवर दर महिन्याला उतरवायच्याच.

आणि सावध राहा. ‘तुमचं विंडोज बंद पडणार आहे, आम्ही कंपनीतून बोलतोय, हे ॲप टाका’ असा फोन आला तर तो फोन ठेवून द्या. तुमचा पडदा दुसऱ्याला दिसेल असं कोणतंही ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून टाकू नका. चुकून पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

आता कुठं आहोत

आम्ही मिंट टाकलं, त्याला आता काही महिने झाले. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम वाढवली. दोन्ही मिळून चार हजारांच्या आत भागलं. पूर्वी कॉम्प्युटर चालू करून चहा टाकायचो, आता चहाचं आधण यायच्या आत तो तयार असतो. जे पैसे वाचले ते कर्जवाटपाला राहिले.

पण आमच्या दृष्टीनं मोठा बदल वेगळाच झाला. पूर्वी कॉम्प्युटर एकीला यायचा. ती माहेरी गेली की दप्तर अडायचं. आता नवी सिस्टीम सगळ्यांनाच नवी होती, त्यामुळं सगळ्या एकाच ओळीत उभ्या राहिल्या. कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही. आम्ही एक वही केली. ज्या बाईला जे जमलं ते तिनं तिच्या शब्दांत लिहायचं: प्रिंट कशी काढली, पीडीएफ कशी केली, ऱ्या कसा काढला. दर बैठकीला दोन नव्या बायका कॉम्प्युटरसमोर बसतात आणि त्या वहीवरून एक काम करून दाखवतात. दर तीन महिन्यांनी कर्जाची यादी मोठ्यानं वाचली जाते. प्रत्येक बाई आपलं नाव आणि आपली बाकी कानांनी ऐकते. साडेसातशेवाल्या मावशी आता पहिल्या रांगेत बसतात.

जाता जाता पाच गोष्टी वहीत टिपून घ्या.

एक, आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरात कोणतं विंडोज आहे ते या आठवड्यात बघा.

दोन, दप्तराच्या फाइली दोन पेनड्राईव्हवर, दोन वेगळ्या घरी, आणि उघडून तपासलेल्या.

तीन, चार ओळी व्हॉट्सॲपवर पाठवून मराठी युनिकोड आहे का ते पाहा.

चार, टॅली, अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सही, प्रिंटर, यांची यादी करा. नवीन सिस्टीम घेण्याआधी एकेक तपासा.

पाच, एकटीनं शिकू नका आणि एकटीला शिकू देऊ नका.

यातलं तिसरं काम करायला पाच मिनिटं लागतात. आज रात्री भाकरी झाल्या की करून बघा. आकडे दिसले आणि नावंही दिसली, तर निवांत झोपा. नावं दिसली नाहीत, तर उद्याच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या. जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर ते काम होतं.